वाहकाचं नाव

१४ मार्च १९८३, सोमवार

आज सकाळी प्रयोगशाळेत पोचलो आणि पिशवी खांद्यावरून न उतरवताच वॉर्डातल्या लहूची ताटली बाहेर काढली. त्याच्या रक्तातून वाढवलेले जंतू मी काल, रविवार असूनही, येऊन तिच्यावर पसरवले होते. वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि मोकळं कडं दिसतं. क्लोरॅमच्या चकतीभोवती कडं नाही. जंतू थेट तिला टेकलेत, जणू तिथे काही ठेवलंच नव्हतं.

विषमज्वरावर इतकी वर्षं हेच आमचं खात्रीचं औषध. पट्टी लावून मोजायलाही काही उरलं नाही. वहीत लिहिलं – शून्य. वॉर्डात कळवलं – औषध बदला.

१५ मार्च

लहूला पाहून आलो. गिरण्यांच्या संपाच्या आधी साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. ओठ तापाने फुटलेत, जीभ शाबूत आहे. "डॉक्टर, ताप आमच्या मालकासारखाच निघाला. काय पण करा, बोलणीच करत नाय." मी डॉक्टर नाही, जंतूंचा अभ्यास करणारा माणूस – हे त्याला शंभरदा सांगितलंय.

१७ मार्च

टेबलावर पाच ताटल्या. पाच आजारी माणसं. पाचही जंतू त्याच तीन औषधांना जुमानत नाहीत. पाच शरीरांत हे आपापलं घडणं शक्य नाही. जंतू एकच आहे आणि तो एकाच कुणाकडून आलाय. अशी माणसं असतात – स्वतः बरी झालेली, हिंडती-फिरती. जंतू त्यांच्या पित्ताशयात ठाण मांडून बसतात आणि त्यांच्या हातून अन्नात उतरतात. आम्ही त्यांना वाहक म्हणतो.

पाचही जण जेवतात कुठे, ते शोधायची गरज पडली नाही. लालबागला, राधामावशीच्या खाणावळीत. मीही तिथेच जेवतो – गावाहून आलो तेव्हापासून, एकोणतीस वर्षं.

१८ मार्च

खाणावळीत देवाच्या फळीखाली बिस्किटांचा एक डबा असतो. संपात औषध विकत घेणं कुणाला जमतं? ताप उतरला की उरलेल्या कॅप्सुली माणसं त्यात टाकतात, पुढच्या आजाऱ्यासाठी. नियमच झालाय. मी रोज पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, स्वतः अर्धपोटी राहून दुसऱ्याची काळजी करतात, किती चांगली माणसं.

चौदा दिवसांचं औषध पाच दिवस घेतलं तर दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवतो. आणि गेल्या पावसाळ्यात मला स्वतःला हाच ताप आला तेव्हा? सहाव्या दिवशी बरं वाटलं. उरलेल्या कॅप्सुली मीच त्या डब्यात टाकल्या. पुण्य केल्यासारखं वाटलं होतं.

आज डबा उचलून प्रयोगशाळेत आणला आणि रिकामा केला. कुणी विचारलं तर सांगेन. न विचारलं तरी सांगेन.

२० मार्च, रविवार

वाढायची पोरं संपात गावाला निघून गेली, तेव्हापासून रविवारी मी वाढतो. मावशीचं मनगट दुखतं म्हणून सोलकढीचा नारळही मीच पिळतो. देवळात जाणं होत नाही त्या दिवशी. मला वाटतं, चालतं देवाला.

आज म्हटलं, नारळ नको. न शिजवलेलं काहीच नको.

"मगे भातावर काय वाढू, तुझे जंतू?"

दारात बसलेल्या शेजारच्या बायका हसल्या. त्या गेल्यावर धीर करून सांगितलं – मावशी, शौचाचा नमुना हवाय. तीन दिवस, रोज एक. का, तेही सांगितलं. तिने पळी खाली ठेवली.

"माझ्या हातात वीख हा, असा म्हणतंस?"

तसं नाही, म्हणालो. पण तसंच म्हणत होतो.

"तीस वर्सां लोकांक जेवक घालतंय. माझ्याकडचा जेवान कोणी मेलो नाय, झिला."

पळी उचलून ती चुलीकडे वळली. मी वाढून परत आलो. न जेवता.

२१ मार्च

कोंडीराम गेला. पाचांपैकी सगळ्यात तरणा. आतडं फुटलं. औषध बदललं, पण उशिरा.

२२ मार्च

सकाळी मावशीच प्रयोगशाळेच्या दाराशी उभी. लालबागहून परळपर्यंत चालत आलेली. रडून डोळे सुजलेले. आत यायला तयार नाही.

"देतंय तुझो नमुनो. पण आधी तुझो दी. माझ्या हातचा खातत, तसा तुझ्याय हातचा खातत."

मी हो म्हटलं. तिचा मान राहावा म्हणून. मनातून हसूही आलं.

नंतर डबी हातात धरली तेव्हा लक्षात आलं. गुरुवारी टिपणवहीत मी लिहिलं होतं – 'खाणावळीत अन्नाला हात लावणाऱ्या व्यक्ती'. पुढे आकडा टाकला होता: एक.

ताप आलेला मी. औषध सहाव्या दिवशी सोडणारा मी. दर रविवारी नारळ पिळणारा मी. आणि आकडा एक. एवढं शिकून माणूस मोजतो काय आणि वगळतो काय!

२४ मार्च

तिसरे नमुने घेतले. दोघांचेही.

शरच्चंद्र सरांनी बोलावलं. आमचे विभागप्रमुख. महापालिकेला सोमवारी अहवाल हवाय. त्यात वाहकाचं नाव नसेल तर त्या गल्लीतल्या सगळ्या खाणावळी बंद करणार. अकरा आहेत. संपातली चारेकशे माणसं तिथे दोन वेळा जेवतात. बहुतेक खाणावळवाल्या आता उधारीवर, नुसत्या शब्दावर जेवू घालतात.

मी म्हटलं, दोन माणसांची तपासणी चाललीय.

"दोन? दुसरं कोण?"

सांगितलं. सरांनी चष्मा काढला. "गंगाधर, तुमचा नमुना नोंदवहीत चढवलाय का?"

"हो."

"कशाला घाई केलीत? असं बघा, त्या बाई म्हाताऱ्या आहेत. आज ना उद्या त्यांची खाणावळ बंद होणारच. तुमचं तसं नाही. उद्या वर्तमानपत्रात आलं, जंतुशास्त्रज्ञानेच साथ पसरवली, तर ह्या प्रयोगशाळेवर कोण विश्वास ठेवील? नीट विचार करा."

ते वाईट मनाने बोलले नाहीत. म्हणून जास्त जड गेलं.

२५ मार्च

लहूचा ताप उतरला. पेज प्यायला. चौदा दिवस पुरे घेतल्याशिवाय सोडणार नाही, असं दरडावून आलो. "आता तुम्हीच युनियनवाले झालात," म्हणाला.

२६ मार्च

गावच्या शाळेत रोजचं हवामान भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा ढग पाहून आधीच 'पाऊस' लिहून ठेवलं. गुरुजींनी सगळ्यांसमोर पुसायला लावलं. म्हणाले, पडला की लिही, आणि पडला तर लिहायचं टाळू नकोस.

आज पूजेला बसलो. गंध उगाळताना हातांकडे लक्ष गेलं. साबणाने पुन्हा धुतले, मग पुन्हा बसलो. देवाला काय मागावं कळेना. माझा नमुना स्वच्छ निघू दे म्हणावं, तर ते तिचा अस्वच्छ निघू दे असंच मागणं होतं. काही मागितलं नाही. नुसतं नाव घेतलं आणि उठलो.

ठरलं. ज्याच्या नमुन्यात निघेल, त्याचं नाव पूर्ण लिहायचं. ती असली तरी. मी असलो तरी.

२८ मार्च, सोमवार

मावशीचे तिन्ही नमुने स्वच्छ. माझ्या तिन्हींत तोच जंतू, त्याच तीन औषधांना न जुमानणारा. अहवाल मीच टंकला – वाहकाचं नाव: गंगाधर महादेव पाध्ये, वय ४९, जंतुशास्त्रज्ञ. सही केली. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चालत जाऊन स्वतःच्या हाताने दिला.