पवळ्याचा पाय

पौष वद्य २, शके १७८६. चांदूर बाजार

लंगडते म्हंजे लंगडते. पुढचा डावा पाय. कोनं इचारलं नाई, तरी लिहून ठेवतो. बैल माहा, बंडी माही.

रहीम रंगारी सकाळी आल्ता. अकोल्याले चाललो म्हने, कायमचा. लेक तिथं कापसाच्या गोदामात लागला, बापाले बलावते. सारा कापूस विलायतेले चालला, सूत भेटत नाई, त मानसानं रंगवाव काय? त्याच्या रंगाच्या नांदी दसऱ्यापासून कोरड्या. गावच्या बैलबंड्या बी साऱ्या कापसावर लागल्या, भाड्यानं एक भेटत नाई. म्हून सामान न्याले माही मागाले आला. पवळ्या लंगडते म्हनलं. तंबाखू खाल्ला, गेला.

वद्य ३

घरची म्हने, "पवळ्या तर आत्ता विहिरीवर उड्या मारत गेला."

तू भाकरी पाह्य म्हनलं.

वद्य ५

रहीमले एक हौस हाये, लहानपणापासून. मोर्शीच्या वरच्या पहाडात दगडावर लाल चित्रं हायेत म्हनतात. भुरा कोरकू मध विकाले येते, त्यानं पाह्यले. याले चित्रांचं कौतुक नाई, रंगाचं हाये. उघड्या दगडावर लाल टिकतेच कसा, हेच इचारत राह्यते. जाच्या आधी एकडाव दाखवून आनतो. भुऱ्याले निरोप धाडला.

बंडी जुंपा लागन. तेवढं चालन पवळ्या. हळूहळू.

वद्य ७. मोर्शी, बहिणीच्या घरी

पोचलो. रस्ताभर कापसाच्या गाड्या, नाकातोंडात फुफाटा. रहीम सारा दिवस एकच बोलला. "लंगडा असून चांगला पळते गा तुहा बैल."

उतार हाये म्हून पळते म्हनलं. उतार कुठीच नव्हता.

वद्य ८. मोर्शीतच. पाय दुखून राह्यले, थोडकंच लिहितो

भुरा उजाडताच आला. आधी सालबर्डीले नेलं. डोंगर कोरून खोल्या केल्या, खांब ठेवले. कोनं कोरलं? भुरा म्हने पांडवांनं. सारं पांडवांनंच केलं त बाकीचे काय करून राह्यले होते. चांगलं हाये पन. थंड.

मंग बंडी खाली सोडली अन् पहाड चढलो. भुरा बकरीवानी पुढं. चढावर रहीमचा हात धरला. त्याच्यासाठी धरला, मले गरज नव्हती.

वर एक कपार. भुऱ्यानं वहाणा काढल्या, आमीबी काढल्या. मान वर केली त चित्रं. हरणं, हत्ती, हातात हात धरून मानसं. अन् एक बैल, वीतभर, शिंगं मात्र भल्ली. लेकराच्या हातचं काम वाटते. तरी बसलो पाहत. कावून, ते नाई मालूम.

भुरा म्हने, आज्याच्या आज्यालेबी असेच दिसले. रहीम जवळ गेला. अंगठा जिभेले लावला अन् बैलाच्या पायावर घासला. गिऱ्हाइकापुढं कापड घासून दाखवते ना, तसा. हाताले सवयच ते.

भुऱ्यानं मनगट धरलं. "हे तुमच्या बजारातलं कापड नोहे."

रहीम खाली पाहत उभा. मंग अंगठा उजेडात धरला. कोरा. जराबी लाल लागलं नव्हतं. "पक्का," म्हनला, अन् डोळे पुसले. धूळ गेली असन.

भुरा तोंड फिरवून बसला. रहीमनं गळ्यातला रुमाल सोडला, सोताच्या नांदीतला, मुळ्या उकळून रंगवलेला लाल, अन् त्याच्या मांडीवर ठेवला. भुऱ्यानं पाह्यला. अंगठा जिभेले लावला. घासला रुमालावर, उजेडात धरला.

"पक्का," म्हनला भुरा.

रहीम असा हासला का कपारीतले पारवे उडाले. दसऱ्यानंतर पह्यल्यांदा हासला. मीबी हासलो असन थोडा.

उतरताना म्हनते कसा, "तो वरचा बैलबी लंगडत नाई गा."

पायाखाली पाह्य म्हनलं.

वद्य १०. घरी

रहीमनं एका नांदीत पानी भरलं. गळते का ते पाहाले, म्हने. इकाले काढतो का ठेवतो, सांगितलं नाई. मी इचारलं नाई. लेकाचा निरोप आला, माघात निघा. घरची म्हने, तुमी त्याले राह्य म्हना ना एकडाव. असं कोनी म्हनते का. चाळीस वर्षांत काही म्हनलं नाई, आता तोंडानं कुठी...

वद्य १२

रहीम आला. हातात हळदीचा लेप अन् लाल चिंधी. पाय दाखव म्हने बैलाचा. सोताच खाली बसला अन् लेप लावून बांधून देला. मागचा उजवा.

मी पुढचा डावा सांगितला होता. त्याले ध्यानात हाये, इसरनारा नोहे तो. मी पवळ्याची शिंगं धरून उभा राह्यलो.

"किती दिवस लागतीन?" त्यानं इचारलं. वर पाह्यलं नाई.

"पायाचं दुखणं हाये. लागतीन दिवस."

"लागू दे. लेकाले कळवतो, बैल बरा झाला का येतो."

पानी पेला, गेला. चिंधीपायी पवळ्या आता खरंच लंगडून राह्यला.

कोनी इचारलं त लंगडते. कोन्ता पाय, कधी बरा होईन, रहीम जाईन का राहीन, ते मी सांगत नाई. लिहितबी नाई. बस.