वरचा नळ

रविवार, ११ जाने.
राइट टाउनच्या हॉलमध्ये बोलले. विषय, माणसाचा रंग. टाळ्या थांबेनात. परतताना आमच्या अधारताल वस्तीवर धुकं, रस्त्यावरचे दिवे दुधात बुडाल्यासारखे. मी अजून स्वतःच्याच वाक्यांवर तरंगत. फाटकाशी शेजारच्या मंदाताई. "वरची ती काळी आहेच का अजून? काहून ठेवून राहिली तिला?"
"बरी आहे हो मुलगी," म्हटलं. एवढंच. तासभर गरजून आलेली मी.

बुधवार, १४ जाने.
संक्रांत. सेलाम ओंजळभर तीळ घेऊन खाली आली. इथिओपियाची पोर, इथे तिळावरच संशोधन करते. आठ महिने झाले माझ्या वरच्या खोलीत. "आंटी, हमारे गाँव में भी यही. सूख जाए तो फली अपने आप खुलती है. आवाज़ आती है, धीरे." दिवसभर कानात तीळ गळत होते.

शुक्रवार, १६ जाने.
रविवारच्या हळदीकुंकवाचं (ह.कुं.) बोलावणं करून आले. करंडा घेऊन बावीस घरं. जिन्यात सेलाम. "इतना सजके कहाँ, आंटी?"
"ऐसे ही." करंडा पदराखाली.
तिला अभ्यास असेल. तिला आपल्यातलं काय कळणार. लग्न कुठे झालंय तिचं. कारणं सगळी कापसासारखी मऊ.

रविवार, १८ जाने.
घर भरलं होतं. अत्तर, गजरे, मंदाताईंचा उखाणा. वर इतकं शांत की ती घरात आहे हे विसरलेच. सातला तिळगूळ घेऊन चढले. दार लोटलेलं, बादली कोरडी.
"नल का पाइप आवाज़ करता है ना. मेहमान थे. पिछले घर में आंटी बोलती थीं, मेहमान आएँ तो आवाज़ नहीं."
मी न सांगताच नळ बंद. चार ते सात. मग हळूच, "होस्टल में जगह मिल रही है. शायद चली जाऊँ."

सोमवार, १९ जाने.
हे गेले त्या वर्षी सासूबाईंच्या ह.कुं.ला मी माजघरात बसले होते. खोकला आला तेव्हा तोंडात पदर कोंबला. त्या माजघरातून भांडून बाहेर आले, कुंकू परत लावलं. माझी सगळी भाषणं तिथूनच. आणि आता माझ्याच डोक्यावर, वरच्या खोलीत ही…

बुधवार, २१ जाने.
करंडा घेऊन जिना चढले. अकराच पायऱ्या. म्हटलं, शनिवारी पुन्हा ह.कुं., या वेळी तुझ्या नावानं, बोलवायला तूच चल.
"लोग आएँगे?"
"पता नहीं." खरं तेच.
तिनं कुंकू लावून घेतलं. आरशात बराच वेळ बघत राहिली, कुणी दुसरीच दिसत असल्यासारखी. होस्टलचं मी विचारलं नाही.

गुरुवार, २२ जाने.
तीच बावीस घरं, दोघी. जोशीकाकू म्हणाल्या, "हिला उखाणा येतो का? नवरा नाही? चलो, तिळाचं नाव घे!" सेलाम इतकी हसली की करंडा सांडता सांडता राहिला. बाकीच्या "पाहू", "जमलं तर".
मंदाताई कपाळ माझ्याकडे करून, "तू लाव. तिच्या हातचं नको."
"बोलावणं तिचं आहे, मंदाताई. लावेल तर तीच." आवाज थरथरला. माइकपुढे कधी नाही थरथरत.
"मग राहू दे." दार लागलं.

शनिवार, २४ जाने.
साडेचार. सतरंजी, करंडा, तिनं भाजलेले तीळ. उद्या रथसप्तमी, मग वर्षभर ह.कुं. नाही. होस्टलचा फॉर्म तिच्या खिडकीत, सही अजून नाही. सोमवारपर्यंत द्यायचाय.
कोणी आलेलं नाही. ऊन सतरंजीच्या काठाशी येऊन थांबलंय. मंदाताईंचा पडदा एकदा हलला, की वारा.
वर सेलाम तयार होते आहे. नळ पूर्ण सोडलाय. पाइप भिंतीतून थडथडतोय, बादली भरून वाहते आहे, खाली माझ्यापर्यंत ऐकू येतंय. शेजारीही जात असेल.
वाहू दे.