रंगाखालची लाली

१२ मार्च, दुपार

ती. दादास,
सा. न. आणि आधीच माफी.

फोन केला असता तर माझी धाप ऐकून तू तिथूनच भाषण ठोकलं असतंस, म्हणून लिहितेय. नाटकाची गाडी तुझ्याकडे सामान घ्यायला येतेय, ड्रायव्हरकाका पत्र देतील.

काल प्रयोगाआधी नटांचे चेहरे रंगवताना छातीत कळ आली. खोल श्वास घेतला की सुरी फिरते. आडवं झालं की जास्त, पुढे वाकून बसलं की कमी. तशीच हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात गेले. तरुण डॉक्टरांनी साखर, ब्लड प्रेशर विचारलं. नाही म्हटलं. माझ्या जुन्या दुखण्याचं, ल्युपसचं, त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. दोन वर्षं गप्प होता तो, आणि नाटक कंपनीत कळलं तर माझ्या जागी दुसरी येईल. गालांवरची त्याची लाली मी रंगानं इतकी बेमालूम झाकली होती, की ते म्हणाले, चेहरा तर टवटवीत आहे, पित्त असेल. माझ्या हाताला याहून मोठी शाबासकी कोण देणार!

पाय सुजलेत, चपला चढत नाहीत. अंगात कणकण आहे. बाकी ठीक. रागाव हवं तर, माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

१२ मार्च, संध्याकाळ

चि. चिमणीस,
अ. आ.

बाकी काय ठीक आहे? काय उरलंय बाकी?

तुझं पत्र युनियनच्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. निम्म्यातच त्यांनी मला थांबवलं. ल्युपसमध्ये शरीराची राखणदार फौजच घरावर उलटते. हृदयाभोवती पाणी असेल, फुप्फुसात गुठळी असेल, मूत्रपिंडही दुखावलं असेल. तपासल्याशिवाय कुणी सांगू नये, म्हणाल्या. पित्ताचा नंबर सगळ्यात शेवटी.

जन्मभर कारखान्यांच्या फाटकांवर ओरडलो, की कामगारानं दुखणं लपवू नये. आणि माझ्याच घरात ही चोरी! नोकरी गेली तर मी भांडेन, ते मला येतं. तुला काही झालं तर कुणाशी भांडू?

काका तुला गाडीत घेतल्याशिवाय दारातून हलणार नाहीत. तोंड खसखसून धू. हॉस्पिटलात पोचताच पहिलं वाक्य ल्युपसचं. पुन्हा पित्त म्हणाले तर खुर्ची सोडू नकोस. मीच आलो असतो, पण संपाची बोलणी अर्ध्यावर आहेत.

आशीर्वाद नेहमीचेच, आज वर धाकही.

दादा

१४ मार्च

ती. दादास,
सा. न., वॉर्डातून.

डॉक्टर तेच होते. धुतलेला चेहरा पाहून ते उठूनच उभे राहिले. हृदयाभोवती पाणी साचलं होतं, सुईनं काढलं. नंतर पलंगाशी येऊन माफी मागू लागले. मी म्हटलं, निम्मी चूक माझ्या ब्रशची.

श्वास मोकळा झालाय. पण लघवीतून प्रथिनं जाताहेत. उद्या मूत्रपिंडाचा इवलासा तुकडा काढून तपासणार, मग किती बिघडलंय ते कळेल. संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी म्हणतात. नर्सबाईंनी कोण आहे विचारलं. मी म्हटलं, भाऊ आहे, बोलणी संपली की येईल. त्या कागद उशाशी ठेवून गेल्या.

भीती वाटते रे. बोलणी एक दिवस दुसऱ्या कुणाला करू दे. काका पत्र देऊन तुझ्या दारात थांबतील.

लोभ आहेच, या खेपेला तो घेऊन तूच ये. उद्या सकाळी नऊच्या आत.

चिमणी