सासूची टाकी, सुनेची टाकी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, गोड बोलून कोणी मला भरीस घातलेले नाही आणि माझे डोके ठिकाणावर आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे, असे लिहायची पद्धत आहे. मी पूर्वी केलेलेच नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

डोके ठिकाणावर असल्याचे इतर लोक एका ओळीत उरकतात. मला सविस्तर लिहावे लागणार, कारण माझे चिरंजीव काही महिने नात्यागोत्यात सांगत फिरत आहेत की, "आईचं डोकं फिरलंय. रोज गाडी घेऊन हायवेला जाते आणि कडेचे दगड मोजत बसते." दगड मोजले हे खरे आहे. का मोजले ते कलम तीनमध्ये येईल. उद्या माझ्या मागे हे मृत्युपत्र मोडायला कोणी कोर्टात उभे राहिलेच, तर न्यायाधीशांनी आधी ते कलम वाचावे, ही विनंती.

कलम १. माझी मिळकत अशी : हे घर, वर दोन खोल्या, खाली ऑफिस आणि गाडीची शेड. घर यजमानांनी आणि मी मिळून बांधले. कागद पहिल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहेत. एक डिझेल गाडी, शेजारच्या सीटवर शिकवणाऱ्यासाठी वेगळा क्लच-ब्रेक बसवलेली. बँकेतली ठेव. दागिने होते, ते ही गाडी घेताना मोडले. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. दागिन्यांनी कोणाला गाडी शिकवता येत नाही.

कलम २. माझी माणसे. चिरंजीव एकुलते एक. ते नोकरीला दुसऱ्या शहरात असतात आणि तिथेच दुसरा संसार मांडायचे त्यांनी ठरवले आहे. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात आहे, निकाल आज ना उद्या लागेल. सून इथे माझ्याजवळ राहते. ती या घरात आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती. गाडी ती माझ्याकडेच शिकली. पहिल्याच दिवशी शेडचा खांब वाकवला, तो अजून वाकडा आहे. पुढे माझे गुडघे गेले, क्लच दाबवेना, तेव्हापासून स्कूल तीच चालवते.

मागच्या वर्षी चिरंजीव आले, डिझेलची बिले चाळली आणि भर ऑफिसात, तीन शिकाऊ मुली समोर बसलेल्या असताना म्हणाले, "ही गाडी लिटरला अठरा द्यायची. हिच्या हातात गेल्यापासून चौदावर आलीय. मधलं डिझेल जातं कुठं? विकतेय ही!"

सून पांढरीफटक पडली. तिने गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी चिरंजीवांना बाहेरचा रस्ता दाखवला, मुलींना उद्या या म्हटले आणि तिला जवळ घेऊन म्हणाले, "पोरी, माझा तुझ्यावर विश्वास आहे गं."

"नको, आई. मोजा."

"अगं, मोजायचं काय त्यात? मी म्हणतेय ना!"

"तुम्ही आहात तोवर ठीक आहे. तुमच्या मागे तुमचा विश्वास मी कुणाला दाखवू? मोजाच."

मला राग आला. मी देऊ केलेली वस्तू तिने परत केली असे वाटले. पण विचार करता करता तो राग निवळला, कारण तिचे म्हणणे बरोबर होते. सासूने सुनेवर विश्वास ठेवला, याला कोर्टात तर सोडाच, आमच्या गल्लीतसुद्धा कोणी पुरावा मानणार नाही. माणूस गेले की त्याचा विश्वासही त्याच्याबरोबर जातो.

कलम ३. मोजणी. मोजायचे तर नीट मोजायचे. टाकी काठोकाठ भरायची, मीटर वाचायचा, टाकी संपत येईपर्यंत गाडी चालवायची आणि पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीने काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढे मावले तेवढे जळले. ऐकायला सोपे आहे. पण डिझेलला फेस येतो. नळी खट्‌ करून थांबली की पंपवाला टाकी भरली म्हणतो, आणि फेस बसल्यावर पाहावे तर लिटर-दोन लिटरची जागा रिकामीच. एकदा फेसापर्यंत भरली आणि एकदा गळ्यापर्यंत, तर देवालाही खरा हिशेब लागायचा नाही. म्हणून मी फेस बसेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा घालायला लावायचे. मागे गाड्यांची रांग लागायची.

"बाई," पंपवाला म्हणायचा, "टाकी भरायचीय की गाडीला न्हाऊ घालायचंय?"

"ओत तू गुपचूप. फेसावर गाडी चालत नाही."

पहिली टाकी सुनेने चालवली. दुसरी मी, गुडघ्याला पट्टा बांधून. रस्ता तोच, वेग तोच, शिकाऊ कोणी नाही. दोघींचा आकडा एकच निघाला : चौदाच्या आसपास. म्हणजे सून डिझेल विकत असेल, तर मीही विकत होते. या वयात मी माझ्याच टाकीची चोर ठरले! चिरंजीवांना फोन करून हे सांगितले, तर म्हणतात, "तू तिला सामील आहेस, आई."

मुलाने आईला असे म्हणावे याचे दुःख झाले, ते इथे लिहून ठेवते. पण दुःख करत बसले असते तर डिझेल सापडले नसते. ते जात तर होतेच.

हायवेला दर किलोमीटरला दगड आहे. एकदा सून गाडी चालवता चालवता म्हणाली, "आई, निघाल्यापासून शंभर दगड झाले. मीटर मात्र चौऱ्याण्णवच म्हणतोय." मी म्हटले, तू मोजण्यात चुकलीस. दुसऱ्या दिवशी ती गाडी चालवत होती आणि मी खिडकीतून दगड मोजत होते. तेच. परत येताना उलट्या बाजूने मोजले, तरी तेच. नात्यातल्या कोणीतरी तेव्हाच मला बोट नाचवत दगड मोजताना पाहिले असावे.

गाडी तशीच टायरवाल्याकडे नेली. त्याने वाकून चाकावरचे माप वाचले आणि कपाळाला हात लावला. "बाई, हे टायर या गाडीचे नाहीतच, मोठे आहेत. तुमच्या चिरंजीवांनी नेले होते, गाडी भारी दिसते म्हणून. मी सांगितलं होतं त्यांना. पण ऐकतंय कोण?"

मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जाते. मीटर बिचारा फेरेच मोजतो. गाडी शंभर किलोमीटर जायची आणि मांडली जायची चौऱ्याण्णव. आणि हे टायर बसले त्याच महिन्यात, ज्या महिन्यात गाडी सुनेच्या हातात आली. चिरंजीवांनी स्वतः लावलेल्या चाकांवरून बायकोवर चोरीचा आळ घेतला.

तरीही चौदाचे अठरा होत नव्हते. दगडांचे खरे अंतर धरून हिशेब केला, तर पंधराला येऊन अडले. मग मी लांबून आल्यावर चारही चाकांना हात लावून पाहायला लागले. मागचे डावे चाक तव्यासारखे तापलेले. शिकाऊ माणसे हँडब्रेक असा ओढतात, जणू विहिरीतून पोहरा काढायचा आहे. त्याची तार आत अडकून बसली होती आणि ब्रेक सुटतच नव्हता. सोडवून घेतला, पुन्हा टाकी मोजली. मापाचे टायर घातले, पुन्हा मोजली. हवा कंपनीने सांगितली तेवढी भरली, पुन्हा मोजली. सून म्हणायची, सगळे एकदम करून टाकू. मी ऐकले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कोणत्या औषधाचा ते कळत नाही.

मी दगड मोजत होते ते यासाठी. ज्याला हे वेडेपण वाटते, त्याने फेस बसेपर्यंत पंपावर थांबून दाखवावे.

कलम ४. छपरावरची पाटी. स्कूलच्या नावाची, खाटेएवढी मोठी पाटी यजमानांनी स्वतः रंगवून गाडीच्या टपावर बसवली होती. ती वारा अडवते हे मला ठाऊक होते. सगळ्यात शेवटी तीही उतरवली आणि मोजले. लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटर वाढला आणि आकडा पुन्हा अठराला गेला. पूर्वी पाटी असतानाही अठरा यायचे, तो एक किलोमीटर गाडीच्या वयाने खाल्ला. यजमान असते तर घरात महाभारत झाले असते. हे उतार आला की गाडी न्यूट्रलला टाकायचे आणि म्हणायचे, "बघ, फुकटात पळतेय!" मी म्हणायचे, "फुकटात काही नसतं. गिअरमध्ये ठेवून पाय उचला, इंजिनात डिझेल जायचंच बंद होतं. न्यूट्रलला उलट जळत राहतं, आणि गाडीवरचा ताबा जातो तो निराळाच." आमचा हा वाद लग्नानंतर सुरू झाला आणि ते जाईपर्यंत चालला. त्यांनी कधी ऐकले नाही. तो वाद मला अजून हवा होता. रस्त्याला उतार लागला की त्यांची फार आठवण येते. पाटी ऑफिसच्या भिंतीवर लावली आहे. ठेवायची की काढायची ते सुनेने ठरवावे. मला विचाराल तर राहू द्यावी.

कलम ५. बँकेतली सगळी ठेव चिरंजीवांना द्यावी. काढून ठेवलेले चार मोठे टायरही त्यांचेच आहेत. शेडच्या कोपऱ्यात आहेत. महिन्याभरात घेऊन जावेत, जागा अडते.

वकिलांनी विचारले होते, "अट घालू या का? सुनेची माफी मागितल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत अशी?" मी बराच विचार केला. पैशासाठी मागितलेली माफी तिच्या काय कामाची? आणि ती न मागता चिरंजीवांनी पैसे सोडून दिले, तर ते माझ्या काय कामाचे? म्हणून अट नाही. बाळा, टायरवाल्याचे बोलणे मी तुला फोनवर सांगितले, तेव्हा तू बराच वेळ काही बोलला नाहीस. नंतर "बरं" म्हणून फोन ठेवलास. त्या गप्प राहण्यात मला माझा मुलगा दिसला. तू माझा आहेस, ते कोणत्याही कलमाने बदलत नाही. पण ज्या घरात तू तिला चोर म्हणालास, ते घर मी तुला देणार नाही.

कलम ६. गाडी सुनेला. तिच्या हाताखाली गाडी आता माझ्यापेक्षा थोडे जास्तच देते, हे कबूल करायला मला कमीपणा नाही. ती लांबचे बघून चालवते. पुढे सिग्नल लाल दिसला की आधीच पाय उचलते. ब्रेक मारला म्हणजे जाळलेले डिझेल धुळीत घातले, हे तिला सांगावे लागत नाही. एकच सूचना : शिकाऊ मुलींना रस्त्याकडेला थांबून समजावून सांगताना इंजिन बंद करत जा. तुला पाल्हाळ लावायची सवय आहे, आणि ती कोणाकडून उचललीस ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी थकली की विकून टाक. तिची पूजा करू नकोस.

कलम ७. घर. वकिलांनी मसुदा केला होता : "सदर घर सुनेस, ती पुनर्विवाह करीत नाही तोपर्यंत राहण्यापुरते." त्यातले 'ती'पासून पुढचे सगळे मी काट मारून खोडले.

"बाई, अशीच रीत आहे," ते म्हणाले.

"रीत तुमच्याजवळ ठेवा. घर माझं आहे."

तर हे घर, ऑफिस आणि शेडसह, तिला संपूर्ण मालकीने देत आहे. तिने इथे राहावे, भाड्याने द्यावे, विकून दुसरीकडे जावे, दुसरे लग्न करावे आणि त्याला इथे आणावे किंवा आणू नये. मी वर बसून काही बघणार नाही.

हे बोलणे चालले होते तेव्हा सून दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "आई, घर नका लिहू. माझ्यावरून तुम्हां माय-लेकांत वैर नको. निकाल लागला की मी जाईन. बाजारामागे एक खोली बघून ठेवलीय."

खोली बघितल्याचे मला तेव्हाच कळले. रोज माझ्यासमोर बसून जेवत होती आणि मनाने सामान बांधत होती. मला रडू आले, वकिलांसमोरच आले. त्यांनी थोडा वेळ कागद खालीवर केले आणि मग हलकेच म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. इथं नातं लिहावं लागतं. निकाल लागल्यावर यांना सून म्हणता येणार नाही. हा कागद उघडेल तेव्हा कायद्यानं या तुमच्या कोणीच नसतील. मग काय लिहू?"

मी लेखणी त्यांच्या हातातून घेतली. त्या मसुद्यात मी जे लिहिले ते पुन्हा इथे लिहीत आहे, म्हणजे कोणाला शंका राहू नये. घटस्फोट माझ्या मुलाने मागितला आहे. मी मागितलेला नाही. नाते : सून.

वरील मजकूर मी वाचला, समजला, तो माझा आहे.

सही : ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण

साक्षीदार
१. आमच्या घरचे डॉक्टर. यांनी सहीपूर्वी मला तपासले, आणि मी शुद्धीवर आहे असे स्वतःच्या हाताने खाली लिहिले.
२. टायरवाले. सही माझ्यासमोर झाली असे लिहून देतात.

ज्याला मिळायचे त्याने साक्षीला थांबायचे नसते, म्हणून सून या वेळी शिकाऊ मुलीला घेऊन रस्त्यावर आहे.

ठिकाण : राहते घर, खालचे ऑफिस
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४, सकाळी