साडेतीन इंच वर

६ ऑक्टोबर २०१२, शनिवार

जीप पुन्हा पोटावर अडकली. ताम्हिणीच्या अलीकडे, एका क्षुल्लक दगडावर. चाकं नुसती फिरत राहिली. खडकात जीप घालणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एकाने पट्टा लावून ओढून काढली आणि म्हणाला, "मॅडम, एक तर गाडी उचलून घ्या, नाहीतर मंडईत भाजी आणायला वापरा." सगळे हसले. मीही हसले – बेचाळीस वर्षांची सवय आहे.

७ ऑक्टोबर, रविवार

अप्पांची फेरी. कात्रजचा घाट, वर दहा मिनिटं थांबणं, परत. चार वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली तेव्हापासून दर रविवारी हेच. वॉचमन आणि मैना त्यांना उचलून सीटवर बसवतात. मैना म्हणजे त्यांचं सगळं करणारी बाई. मी मदत करत नाही. इंजिन चालू ठेवून समोर बघत बसते.

जीप त्यांचीच. श्रीनिवास मोटार ड्रायव्हिंग स्कूल, शनिवार पेठ. अर्ध्या पेठेतल्या बायकांना ह्या माणसाने गाडी शिकवली. मला, पोटच्या मुलीला, नाही. मी एकोणीस वर्षांची असताना भर पंगतीत म्हणाले होते, "हिला डावं-उजवं कळत नाही, हिला सायकल पुरे." ते आजारी पडल्यावर मी दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊन शिकले. पैसे भरून. त्यांना पहिल्यांदा ह्याच जीपमधून फिजिओथेरपीला नेलं तेव्हा काय चेहरा होता!

बोलणं गेलं तरी मास्तरकी गेलेली नाही. गिअर जरा खरवडला की डाव्या हाताने दारावर टक्. आज अकरा वेळा.

९ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसमधून लवकर निघून येरवड्याला कादरभाईंकडे गेले. स्कूलच्या गाड्या तेच बघायचे. जीपखाली बॅटरी मारून सगळं दाखवलं. एक प्रकार स्वस्तातला – चासी आणि बॉडी यांच्यामध्ये दोन इंचांचे ठोकळे घालायचे. बॉडी वर जाते, पण पोट आहे तिथेच. दुसरा – चाकांवरचे स्प्रिंगचे कमानपाटे टोकाला ज्या पट्ट्यांवर लटकतात त्या लांब करायच्या. त्याने स्टेअरिंग भरकटतं, ते काम कादरभाई करतच नाहीत. तिसरा – जास्त बाक दिलेले नवे पाटे, लांब शॉकअब्सॉर्बर, मोठे टायर. चासीसकट सगळं वर. खर्च दुप्पट, बसायला कडक.

मी विचारलं, पायरी कशात जास्त उंच होते?

त्यांना वाटलं मला काळजी आहे. म्हणाले, पाट्यांत साडेतीन इंच, टायरचा वर एक. अप्पांना जड जाईल, पण आपण खाली एक जादा पायरी लावून देऊ.

मी म्हटलं, विचार करते. विचार झालेला होता.

१० ऑक्टोबर, बुधवार

अप्पांना सगळं सांगितलं. मुद्दाम, सावकाश, एकेक प्रकार. त्यांच्या खाटेशी खुर्ची ओढून. पायरी कुठपर्यंत येईल ते हाताने दाखवलं – इथे, कमरेपर्यंत. मग तुम्हाला बसता येणार नाही, हेही सांगितलं. चेहऱ्याकडे बघत राहिले. मला तो चेहरा पडलेला बघायचा होता.

ते बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होते. मग शब्द बाहेर आला.

"पाटे."

मी म्हटलं, कळलं का मी काय म्हणाले ते? डोकं हलवलं. पुन्हा – "पाटे."

शिक्षा देणाऱ्यालाच नापास करतात. अजूनही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

ठोकळे. ते पाटे म्हणाले म्हणून ठोकळे. कादरभाई म्हणाले, पैसे वाया जातील. मी म्हटलं, माझे आहेत.

२० ऑक्टोबर, शनिवार

तोच दगड. तेच पोट. फक्त आता मी दोन इंच जास्त उंचावरून अडकले. लोकांनी फोटो काढले.

घरी आल्यावर अप्पांच्या खोलीत गेले नाही. मैनाला सांगितलं, विचारलं तर छान झालं म्हण. तिने जाऊन काय सांगितलं कोण जाणे. आतून ते हसल्याचा आवाज आला. हसणं म्हणजे घशातली घरघर. पण मला कळतं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

कादरभाई, पाटे घाला. मी विचारलं, ठोकळे राहू देत का? नाही, दोन्ही ठेवलं तर वळणावर कलंडेल, म्हणाले. ठोकळे काढायला लावले. जादा पायरीचं त्यांनी पुन्हा विचारलं. तिचे पैसेही घेणार नव्हते. मी म्हटलं, नको, खडकात अडकते. कादरभाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. एवढा वेळ बघण्यासारखं मी काही बोलले नव्हते.

२४ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी जीप आली. काय दिसते! मैनाने झेंडूचा हार घातला आणि मला न विचारता अप्पांना चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. त्यांनी डावा हात खाली नेऊन पाट्यांवरून फिरवला. शॉकअब्सॉर्बर बघितले. मग माझ्याकडे बघून मान डोलावली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मला ती शाबासकी नको होती. आता तर नकोच होती.

२८ ऑक्टोबर, रविवार

लिहून टाकते.

मैनाने नेहमीसारखं त्यांना तयार केलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. खाली आणलं. मी आधीच स्टेअरिंगवर होते. वॉचमन पुढे आला, पायरी बघून थांबला. मग म्हणाला, स्टूल आणतो. मी म्हटलं, राहू दे, पडले तर जबाबदार कोण? अप्पांनी डावा हात वर करून दाराचं हँडल गाठायचा प्रयत्न केला. चार बोटं कमी पडली. पुन्हा केला. मी थांबवलं नाही. बघत राहिले. मग गिअर टाकला.

घाट एकटीने चढले. गिअर दोनदा खरवडला. टक् नाही. वर एक पूर्ण तास बसले, चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. मजा आली, असं लिहिणार होते.

परत आले तर ते पार्किंगमध्येच. फाटकाकडे तोंड करून. तीन तास. वर न्यायला गेलं की डाव्या हाताने खुर्चीचं चाक घट्ट धरायचे, असं वॉचमनने सांगितलं. ऊन सरकत आलं होतं. मैना त्यांच्या डोक्यावर पदर धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अप्पांनी मात्र बघितलं. आधी गाडीकडे, मग माझ्याकडे. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टोबर, सोमवार

मैनाने काम सोडलं. चावी टेबलावर ठेवली. पगार वाढवते म्हटलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "पैशाचं न्हाई ताई. मानूस उचलायचं काम हाय माझं, खाली ठिवल्यालं बघायचं न्हाई."

ब्यूरोला फोन केला. नवी बाई गुरुवारशिवाय नाही. ऑफिसला रजा कळवली.

३० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी अप्पांना खाटेवरून खुर्चीत मी ठेवलं. एका हातात पाठ, एका हातात गुडघे. एकटीने. दमसुद्धा लागला नाही. इतके हलके झालेत.