टाच भिंतीवरून सुटली

बुधवार, संध्याकाळ

चार महिने झाले, घरी हातांवर उभं राहायला शिकतेय, पण डावी टाच भिंत सोडत नाही. बेचाळिसाव्या वर्षी पडायची भीती वाटते, दुसरं काय! आज माझे वडील, अण्णा, सायखेड्याहून मेथी घेऊन आले तेव्हा मी हॉलमध्ये उलटीच होते. वाटलं, आता रागावणार. ते खुर्ची ओढून बघत बसले. मग म्हणाले, "पायाकडं ध्यान नको देऊ. बोटं रोव अन् हातानं जमीन ढकल." तरुणपणी तालमीत मल्लखांब करायचे ते, म्हणून ऐकलं. टाच सुटली! किती वेळ? तीन श्वास असेल. मग धपकन गादीवर पडले, पण सुटली हे खरं.

मी हसतच चहा टाकला. चहा घेताना अण्णा एकदम म्हणाले, "धा वर्षांची होतीस. तालमीत यायचं म्हणून लय रडली होतीस. पोरीची जात म्हणून मीच नाय म्हणलो."

मला यातलं काहीच आठवत नाही. त्यांना इतकी वर्षं आठवत होतं?

मी एवढंच म्हटलं, "अण्णा, उद्या सकाळी परत शिकवाल?"

अण्णा संध्याकाळच्या बसने परत जायचं ठरवून आले होते. राहिलेत.