कुस्ती, दुपारी चार ते पाच

चि. अडीच यास,

ताईचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला वेगळे आशीर्वाद, कारण त्याची चौकशी तू करू देत नाहीस.

आठवतं का, रविवारी दुपारी साडेतीनला आपण जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची टीव्हीसमोर ओढायचो, तिच्यावर उशी, उशीवर बाबांचा टेपरेकॉर्डर, आणि मग तू जीभ बाहेर काढून लाल आणि काळं अशी दोन्ही बटणं एकदम दाबायचास? बाकीचं जग टीव्हीवरची ती परदेशी, दोरांच्या चौकटीतली कुस्ती बघायचं. आपण ती ऐकण्यासाठी साठवून ठेवायचो, कारण पुढच्या रविवारपर्यंतचे सहा दिवस कशावर तरी काढायला हवेत ना. त्या कॅसेटी खरं तर बाबांच्या लघुलेखनाच्या क्लासच्या. ते त्यात पत्रं सांगून ठेवायचे आणि विद्यार्थिनी ती ऐकून लिहून काढायच्या. म्हणून आपली प्रत्येक कुस्ती ‘महोदय, आपल्या बारा तारखेच्या पत्राच्या उत्तरादाखल कळविण्यात येते की’ अशी सुरू होते आणि लगेच कोणीतरी दोरावरून खाली कोसळतं. (एका मुलीने सरावाच्या कागदावर ‘कळविण्यात येते की धप्प’ असं लिहून दिलं होतं. बाबा आपल्याशी आठवडाभर बोलले नाहीत, पण त्या मुलीला वेगाचे पूर्ण गुण दिले.)

तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालते. भाचीच्या बाळाला दात आले का? भावजयबाईंचा घसा बसला होता तो उठला का? माझं म्हणशील तर मी उत्तम आहे. झोपूनच आहे, पण उत्तम आहे. ते पुढे येईलच.

पत्राचं कारण असं काही नाही. मागच्या महिन्यात एक तारखेला तू नेमाने फोन केलास आणि विचारलंस, ताई, दिवसभर करतेस काय? मी आठवू लागले, तेवढ्यात तुझी चार मिनिटं संपली. म्हणून आता सविस्तर उत्तर देते. दिवसभर मी काही करत नाही. दुपारी चार ते पाच मात्र कुस्ती ऐकते. तो टेपरेकॉर्डर अजून चालतो. झाकण तुटलंय, पण त्याच्या वयात कोणाचं काय शाबूत असतं?

माझ्या आवडत्या कुस्त्या तीन. पहिली लोहार विरुद्ध सोनेरी केसवाला. लोहार आठवतो ना, दाढीवाला, पाठीवर केस असलेला? त्याचं चित्र मी कंपासपेटीत ठेवत असे. शाळेतल्या सिस्टरांनी पकडलं आणि विचारलं, हा तुझा कोण? मी घाबरून मामा म्हणाले. सिस्टरांनी ते जप्त केलं नाही. उलट वर्षभर सकाळच्या प्रार्थनेत माझ्या मामाच्या सुबुद्धीसाठी एक वाक्य घातलं, आणि लोहार त्या वर्षी खरोखरच एकदाही खुर्ची फेकून न मारता जिंकला. तर त्या कुस्तीत चौदाव्या मिनिटाला आपल्याकडचे दिवे गेले. टेपरेकॉर्डर सेलवर होता म्हणून त्यात सगळं आलंय: टीव्ही गप्प, तू ‘अरे’ म्हणतोस, मी ‘अरे’ म्हणते आणि आई स्वयंपाकघरातून विचारते की कात्री कोणी नेली. त्यापुढे सहा मिनिटं फक्त कात्रीचा शोध आहे. कोण जिंकलं ते आजतागायत कळलेलं नाही. तू सोनेरी केसवाला म्हणतोस, मी लोहार म्हणते, आणि मला वाटतं आपलं सगळ्यात लांब चाललेलं बोलणं तेच आहे.

दुसरी जुळ्या भावांची. पंचाचं लक्ष नसलं की एक जुळा दोराखालून बाहेर जायचा आणि न दमलेला दुसरा आत यायचा. बाबा बाजूला वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे आणि या खेळात काही अर्थ नाही असं दर पंधरा मिनिटांनी त्याच्यामागून कळवायचे. त्या दिवशी मात्र, ऐक कधीतरी, वर्तमानपत्र चुरगळल्याचा आवाज येतो आणि बाबा ओरडतात, “अहो पंच, मागे बघा, मागे!” जन्मात त्यांनी आवाज चढवला तो एवढाच, आणि तोही ‘अहो’ म्हणून. मग वर्तमानपत्राची घडी नीट केल्याचा आवाज. ती घडी मी रोज ऐकते.

तिसरी आपली. टीव्ही संपल्यावर आतल्या खोलीत कापसाच्या जुन्या गादीवर व्हायची ती, टेपरेकॉर्डर तिथेही चालूच असायचा. माणसं दोनच, म्हणून प्रतिस्पर्धीही तूच आणि पंचही तूच. मला उताणी पाडायचास, छातीवर कोपर रोवायचास आणि दुसऱ्या हाताने गादीवर थाप मारत मोजायचास. दोन्ही खांदे टेकलेले असताना तीन म्हटलं की खेळ खलास. तू म्हणायचास, “एक. दोन. अडीच.” आणि थांबायचास. मी उठेपर्यंत थांबायचास. कधी पावणेतीन व्हायचं, पण तीन कधी झालं नाही. इतकी वर्षं मी अजिंक्य राहिले ती अशी. पुढे पंधराव्या वर्षी तू मोठा शहाणा होऊन आलास आणि मला सांगितलंस की ताई, हे सगळं आधीच ठरवलेलं असतं, खोटं असतं. मी रडले, पण खोटं असतं म्हणून नाही. मला ते ठाऊक होतं रे. दोन दांडगी माणसं आधी बसून ठरवतात की एकमेकांना लागू द्यायचं नाही, मग एक पडतो आणि दुसरा त्याला सांभाळून पाडतो, यात वाईट काय ते मला अजून कळलेलं नाही. तू त्यानंतर गादीवर आला नाहीस, म्हणून रडले होते.

आता मूळ मुद्दा. माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि त्यांच्या बाई राहतात. माणसं चांगली. मास्तर अजून चहासुद्धा चौदा वाजून चाळीस मिनिटांनी घेतात. दोन महिन्यांपूर्वी मी तिसरी कॅसेट लावली, आवाज मोठा ठेवला (कान जरा मागे पडलेत), आणि खुर्चीत डोळा लागला. खाली मास्तरांना ऐकू आलं ते असं: आदळआपट, कोणाचं तरी कण्हणं, मग एक मुलगी ओरडते, सोड, सोड, मान मोडेल. त्यांचं धाबं दणाणलं. बाईंकडे माझी जादा किल्ली असते. दोघं वर आले, मास्तरांच्या हातात छत्री. दार उघडून बघतात तर मी तोंड उघडं टाकून घोरतेय आणि खोलीत एक मुलगा अडीच, अडीच करतोय. मी दचकून उठले आणि म्हटलं, काही नाही, माझा भाऊ आहे. तर मास्तर वाकून पलंगाखाली बघू लागले.

सगळं सांगितल्यावर बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, हरकत नाही, पण वेळापत्रक हवं. मग त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून काढलं: कुस्ती, रोज, सोळा ते सतरा, रविवारसह. एक प्रत त्यांच्या स्वयंपाकघरात, एक माझ्या दारामागे. तेव्हापासून मी नियमाने वागले. कधी उशीर झाला तर मास्तर जिन्यात विचारायचे, काल दहा मिनिटं उशिरा का सुटली? खरं सांगू, मला ते आवडायचं. आपल्या उशिराची दखल घेणारं कोणीतरी असणं.

मागच्या मंगळवारी मी माळ्यावरून आपला विजेत्याचा पट्टा काढायला गेले. (तोच, बाबांच्या जुन्या टायला डब्याचं झाकण शिवलेला.) भाचीच्या बाळाला पाठवावा असं मनात आलं. स्टुलावर चढले, पट्टा हाताला लागला, आणि स्टूल आपल्या वाटेने गेलं. मी पट्ट्यासकट खाली. उताणी, दोन्ही खांदे फरशीला टेकलेले, तुझ्या पंचगिरीत असतात तसे. पाय हलेना. फोन टेबलावर, टेबल बारा फुटांवर. मी हाक मारली. कण्हले. झाकणाने फरशी ठोकली. आता दुर्दैव बघ, घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालेली.

मास्तरांच्या बाईंनी मला नंतर सगळं सांगितलं. खाली दोघं खारी खात बसली होती. मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि समाधानाने म्हणाले, आज वेळेवर आहे. मी वाचवा म्हणाले तेव्हा बाई म्हणाल्या, आजची कॅसेट नवीन दिसते, छान रंगलीय.

वर मी पडून होते. पहिल्यांदा हसू आलं. मग वाटलं, पंच नाही तर आपणच मोजावं. एक, दोन, अडीच असं मोजलं आणि थांबले. कोणी काही म्हणेना. मग पावणेतीन केलं आणि शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, तीन. तीन झालं आणि काहीच झालं नाही. घंटा नाही, काही नाही. खेळ संपतसुद्धा नाही रे. चार झाले, पाच झाले, मी साडेचारशेपर्यंत गेले आणि मग कंटाळून झाकण ठोकता ठोकता छताचे पोपडे बघत राहिले. एकात लोहाराची दाढी दिसते.

मला वाचवलं ते मास्तरांच्या शिस्तीने. पाच वाजले तरी ठोकणं थांबेना. त्यांनी पाच मिनिटं सूट दिली आणि पाच वाजून पाचला तक्रार करायला तरातरा वर आले. बेल वाजवली, दोनदा. मग किल्ली. दार उघडताच ते पहिलं वाक्य बोलले, “बाई, वेळ संपलेली आहे,” आणि मग त्यांनी मला बघितलं. हातातलं वेळापत्रक गळून पडलं. (पुरावा म्हणून घेऊन आले होते.) रुग्णवाहिकेत माझ्या शेजारी बसून सारखे म्हणत होते, मला वाटलं कुस्ती आहे हो, मला वाटलं कुस्ती आहे. शेवटी मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

तर खुब्याचं हाड तडकलंय. रक्त पातळ करायच्या माझ्या गोळ्या चालू होत्या म्हणून काही दिवस थांबवलंय. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला ऑपरेशन. मोठं काही नाही, इथे रोज दोन होतात. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून एक भिंत दिसते, पण चांगली भिंत आहे. शेजारच्या खाटेवरच्या आजींना भेटायला अकरा माणसं येतात आणि त्यातली दोन-तीन जागा नसल्यामुळे माझ्या पायाशी बसतात, त्यामुळे मला करमतं. फोन करता आला असता. पण फोनवर तू हं, हं म्हणतोस, आणि माझा आवाज फिरला तर तुला कळेल. पत्रात शाई पसरली तर औषध सांडलं म्हणता येतं.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली, म्हणजे आपण भेटलो त्यालाही. आपलं भांडण नाही, हीच पंचाईत आहे. भांडण असतं तर मिटवायला तरी आला असतास. असो. तू येण्याची मुळीच गरज नाही. प्रवास लांबचा, तुझा गुडघा असा. मास्तर आणि बाई आहेत. मी हे फक्त तू विचारलंस, दिवसभर काय करतेस, म्हणून लिहिलं.

सगळ्यांना यथायोग्य सांग. बाळाचा पापा घे.

तुझी,
अजिंक्य ताई

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. इथे एक फॉर्म भरून घेतात, ऑपरेशनच्या वेळी जवळचं कोण हजर असेल म्हणून. कारकून बाईंनी विचारलं, जवळचं कोण? मी म्हटलं, भाऊ. राहतो कुठे? मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. (चष्मा नाकावरून घसरत होता, उजवी काडी सैल. तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली, मला बघवेना. पडल्या पडल्या स्क्रू पिळून दिला.) मग म्हणाल्या, येणार आहेत का? मी म्हटलं, हो तर, बुधवारी संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणालाय. असं मी सांगून बसले आहे. त्यांनी लिहूनही घेतलंय, शाईने.

ता. क. २. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, दहापासून उलटं मोजायचं. मी म्हटलं, मला सुलटं मोजणारा माणूस येतोय, पण तो तीन म्हणत नाही. ते चालेल म्हणाले.

ता. क. ३. वेळ सांगून येत नाही, म्हणून कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. तू आलास तर तूच वाटून टाक. लोहाराची कॅसेट भाचीला. निकाल तिने लावावा, आपल्याच्याने झाला नाही. जुळ्यांची तुला. घडीचा आवाज येईपर्यंत बंद करायची नाही. पट्टा बाळाला. झाकणाला पोचा आलाय, तो मी पडले तेव्हाचा, ठोकून काढू नये. स्क्रूची डबी आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर कारकून बाईंना, काडी पुन्हा सैल होईल. टेपरेकॉर्डर मास्तरांना, आणि त्यांना सांगावं की चूक त्यांची नव्हती, गाडी वेळेवर होती. तिसरी कॅसेट कोणालाही देऊ नये. ती मशीनने अडीचपाशीच चावून टाकली आहे.

गादी तुझी. मास्तरांच्या बाईंनी ती ऊन दाखवून आतल्या खोलीत घातली आहे, धुतलेली चादर आणि दोन उशा आहेत, एक तुझ्या गुडघ्याखाली. ती पाठवता येत नाही. तिच्यावर येऊनच झोपावं लागेल.